चांदणीचे कान

फोन आला तेव्हा मी घोडीच्या तोंडासमोर पाण्याची बादली धरून उभा होतो. आदल्या दिवशीच चंद्रपूरच्या दवाखान्यातून फुलानं मला घरी पिटाळलं होतं. छातीतलं दुखणं उतरलं होतं, डॉक्टर बरं बोलत होते, पुण्याहून आलेला आमचा पोरगा प्रशांत तिच्या उशाशी होता. शेजारी धानाचं तणस, पेंढा टाकतील, पण घोडी पाणी पिते की नुसतं तोंड बुडवते हे कोणी थांबून पाहणार नाही, असं तिचं म्हणणं. मी चिडलो. म्हटलं, इथं तू सलाईन लावून पडलीस, अन् तुला घोडीच्या पाण्याची पडली आहे! तर ती उशीवर मान वळवून हसली. "जा नं बाप्पा," म्हणाली. तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं… प्रशांत फोनवर धड बोललाच नाही, नुसतं "बाबा" म्हणाला. मी काय समजायचं ते समजलो. घोडी पाणी पीतच होती. बादली जड होती, पण तिचं पिऊन होईपर्यंत मी बादली खाली ठेवली नाही. का, ते आजही सांगता येत नाही.

पंचफुला हे तिचं पूर्ण नाव. गावाची फुलाबाई, माझी फुला. मी बँडवाला. नागभीडच्या अलीकडचं आमचं गाव, एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल, मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. क्लॅरनेट वाजवता वाजवता केस पांढरे झाले, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. शाळेच्या मास्तरापेक्षा मी जास्त ओरडतो असं फुला म्हणायची, अन् ते खोटं नव्हतं. घोडी मी हौसेनं घेतली नाही, रागानं घेतली. आमच्या बौद्ध वस्तीतल्या एका नवरदेवाला घोडीवाल्यानं ऐन वेळी घोडी नाकारली होती. नवरदेव बिचारा पायी निघाला, अन् मी पुढं क्लॅरनेट वाजवत होतो, पण सूर काही लागेना. पुढच्या लग्नसराईआधी मी पांढरीशुभ्र घोडी दारात आणून बांधली. आता कोणाच्या बापाला विचारायचं काम नाही, म्हटलं. फुला आधी पैशावरून खूप भांडली, मग घोडीच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, चांदणी नाव ठेवू.

चांदणीनं आमच्या वस्तीतले किती नवरदेव मिरवले असतील! वरातीआधी तिच्या कानात कापसाचे बोळे कोंबायचे, कपाळावर गोंडे बांधायचे, अन् ढोल सुरू झाला की ती जागच्या जागी असे पाय टाकायची की नवरीकडचे लोक नवरदेव सोडून तिलाच पाहत बसायचे. पुढं डीजे आला. बँड कोणाला हवा? माझी माणसं पांगली. ढोलवाला हैदराबादला बांधकामावर गेला, ताशेवाल्यानं पानठेला टाकला. उरलेल्या एकदोघांना घेऊन मी कुठं वाजवायला गेलो तर घोडी नाचेना. मी तिच्या कानाजवळ जाऊन क्लॅरनेट फुंकायचो, ती ढिम्म. लोक हसायचे. म्हातारी झाली, माजली, मास्तरवर रुसली, ज्याच्या तोंडाला येईल ते बोलायचा. मीही वैतागून तिला चार शिव्या हासडायचो. एका व्यापाऱ्याशी विकायची बोलणी चालू केली, अन् त्याच उन्हाळ्यात आमच्या घरावर आभाळ कोसळलं.

मोहफुलांचे दिवस होते. फुला अन् माझ्या धाकट्या भावाची बायको सुनंदा, दोघी जावा नेहमी जोडीनं फुलं वेचायला जायच्या. वाघ आहे हे सगळ्यांनाच ठाऊक. पण मोह काही वाघाला विचारून गळत नाही, अन् घरात बसून पोट भरत नाही. म्हणून आमच्याकडच्या बायकांनी आपली एक रीत ठरवली आहे. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, म्हणून दोघींनी एकदम वाकायचं नाही. एकीनं वेचायचं, दुसरीनं ताठ उभं राहून चारी बाजूंनी पाहायचं, मग पाळी बदलायची. त्या सकाळी दोघी वाकलेल्या होत्या. आवाज काहीच झाला नाही. फुला सरळ झाली, मागं वळली, तर सुनंदाचं टोपलं उपडं पडलेलं अन् सुनंदा नाही… दोघी एकदम कशा वाकल्या, पाळी कोणाची होती, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. भावाला गावात राहवेना, तो चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला ठेकेदाराकडं कामाला निघून गेला.

त्या दिवसापासून फुलानं भिंतीला पाठ लावली ती लावलीच. अंगणातली चूल तिनं घरात आणली अन् कोपऱ्यात, दोन्ही भिंतींच्या बेचक्यात बसून भात शिजवू लागली. झाडताना वाकायची नाही, खाली बसून सरकत सरकत झाडायची, तेही भिंतीच्या कडेकडेनं. हातपंपावर जाणं बंद, वस्तीतल्या विहारात जाणं बंद. भेटायला येणारे ढीगभर, अन् प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं ऐकायचं असायचं. कसं झालं? केवढा होता? तू ओरडली काऊन नाही? ती भिंतीला पाठ घासत बसायची अन् मी लोकांना चहा पाजून वाटेला लावायचो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, माणूस चांगला होता, सावकाश बोलायचा. गोळ्यांनी झोप आली, पण झोपेतही पाठ भिंतीलाच. प्रशांत तिला पुण्याला घेऊन गेला. तिथं वाघ कुठला? पण बाई दुकानांच्या शटरला पाठ घासत रस्त्यानं चालायची, लोक वळून पाहायचे. पोरगा रडकुंडीला आला अन् तिला परत आणून सोडली. मी हात टेकले. गावात बँडमास्तर म्हणून मिरवणारा मी, पण घरात मला साधं बोलणं सुचत नव्हतं. तिच्या समोर बसायचो, अन् ती माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडं पाहत राहायची.

एक दिवस चिमूरला दुसऱ्याच्या बँडमध्ये वाजवायला गेलो होतो. गावातलीही बरीच माणसं त्याच लग्नाला. ऊन कलताना परतलो, कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजवली. अचानक आलो तर फुला दचकायची, म्हणून ती सवयच लावून घेतली होती. घरात शिरलो तर फुला नाही. कोपरा रिकामा. मागच्या दारात आलो तर काय, ती मागच्या उघड्या आवारात उभी! घोडीच्या मानेवर हात ठेवून, तोंड घोडीकडं, अन् पाठ सरळ जंगलाकडं. पायाशी विळा अन् कापलेला दोर पडला होता. घोडीचा मागचा पाय दोरात अडकून ती दुपारभर धडपडत होती म्हणे. फुलानं खिडकीतून ते पाहिलं, हाका मारल्या, कोणी येईना. शेवटी विळा घेऊन स्वतः बाहेर आली अन् दोर कापला. पण दोर कापून झाल्यावर ती आत पळाली नव्हती, तिथंच होती. मी भीत भीत विचारलं, फुला, भीती नाही वाटून राहिली?

"हिचे कान पाहून राह्यली मी," ती म्हणाली.

बस, तेवढंच. पण त्या एका वाक्यावर मी केवढं पुराण रचलं! घोडं म्हणजे भित्रं जनावर, त्याला माणसाआधी कळतं. पान हललं तरी कान फिरतात. म्हणजे चांदणीचे कान सैल आहेत तोवर मागं काही नाही, हे फुलानं ओळखलं. आता तिच्या पाठीला भिंत नको, घोडीचे कान पुरे. मी पानठेल्यावर हे सगळ्यांना हातवारे करून सांगायचो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनाही सांगितलं, तेही मन लावून ऐकत राहिले. व्यापाऱ्याला मी असा झापला की तो पुन्हा फिरकला नाही. अन् फुला खरंच बाहेर पडू लागली. आधी आवारात, खरारा घेऊन घोडीची पाठ घासत. मग हातपंपापर्यंत. मग घोडीला दोरीनं धरून तलावाच्या पाळीवर. खरारा करता करता ती तिच्याशी पुटपुटत राहायची, काय ते मला ऐकू यायचं नाही. घोडीच्या पोटाला कान लावून उभी राहायची, घोडी श्वास घ्यायची अन् फुलाचं डोकंही वरखाली व्हायचं. अधूनमधून मात्र थांबून, वळून, सगळ्या जंगलावरून नजर फिरवायची अन् पुन्हा कामाला लागायची. मी म्हणायचो, उरलीसुरली भीती आहे, जाईल हळूहळू.

अन् मग गुरांचे डॉक्टर आले. घोडीच्या खुरात पू झाला होता. फुला आत पाणी तापवत होती. डॉक्टरांच्या हातून लोखंडी घमेलं फरशीवर पडलं, असा आवाज झाला की मी जागचा उडालो. घोडी जशी होती तशीच. डॉक्टर थबकले. तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली, मग शिट्टी, मग घमेल्यावर दगड. कान हलले नाहीत.

"मास्तर, ही ठार बहिरी आहे," ते म्हणाले. "आजची नाही, जुनीच दिसते."

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं माझ्याच बँडपुढं, फटाक्यांच्या लडींमध्ये उभी राहिलेली घोडी, अन् मला, सुराच्या माणसाला, तिचे कान गेलेले कळले नाहीत! ती नाचायची ती ढोलाच्या धमक्यावर, जमिनीतून पायात चढणाऱ्या. ढोलवाला गेला, नाच गेला, अन् आम्ही म्हणालो माजली. पण तेव्हा मला घोडीची दया येण्याइतकी उसंत नव्हती. आत फुला होती. तिला कळलं की जिच्या कानांच्या भरवशावर आपण जंगलाकडं पाठ करतो तिला डीजेसुद्धा ऐकू येत नाही, तर? ती पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसेल अन् मग या जन्मात उठायची नाही. मी डॉक्टरांचे हातच धरले. म्हटलं, साहेब, हे इथंच राहू द्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आत पाहिलं, अन् खुराला मलम लावून निघून गेले. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. फुला घोडी घेऊन तलावाकडं निघाली की मी काठी घेऊन मागं. उघड जावं तर तिला संशय येणार, म्हणून पळसाच्या आडून, बेशरमाच्या झाडोऱ्यातून लपतछपत. काय माझा तो अवतार! पोट सुटलेलं, गुडघे दुखतात, अन् चोरासारखा वाकून चाललो आहे. नाही, वाकून नाही… वाकायची तर मलाच धास्ती. एकदा तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरींनी मला पळसामागं पाहिलं अन् मास्तर इथी काय करून राह्यले म्हणून खिदळत सुटल्या. फुलानं घरी आल्यावर विचारलं, तुमी कुठी गेले होते? म्हटलं, साखर वाढली, चालायला सांगितलंय. त्या दिवसापासून माझ्या चहातली साखर बंद झाली. कित्येक वर्षं मी बिनसाखरेचा चहा प्यायलो, अन् माझी साखर अगदी उत्तम होती.

सांगायचं ते हे, की माझं सोंग निभलं. पावसाळ्यात रोवणे लागले अन् फुला म्हणाली, मी येते. घोडीला धुऱ्यावरच्या, बांधावरच्या करवंजाच्या झाडाला बांधलं, साडी खोचली अन् बायकांच्या ओळीत चिखलात उतरली. अन् वाकली. सगळं गाव वाकतं रोवण्याला, त्यात पाहण्यासारखं काय? पण मी बांधावर उभा राहून रडलो, सरळ रडलो, लपवलंही नाही. उघड्या आभाळाखाली, जंगल हाकेच्या अंतरावर, अन् माझी बायको वाकून धान रोवत होती. मधेच सरळ व्हायची, घोडीकडं पाहायची, घोडीपलीकडं जंगलाकडं पाहायची, पुन्हा वाकायची. बाजूच्या बायका तिला चिडवत होत्या, फुलाबाई, घोडीलेच लावा नं रोवण्याले. तीही उलट उत्तर देत होती. सुनंदा गेल्यापासून तिला असं खट्याळ बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पुढं रेखा आली. त्याच ढिवरांच्या मोहल्ल्यातली, लेकीसारखी. तिचा नवरा तलावात जाळं सोडवायला उतरला अन् वर आला नाही. रेखा काठावर होती, तिनं सगळं पाहिलं. नंतर ती बोलायची बंद झाली. केस विंचरेना, पाण्याच्या वाटेला जाईना, घरातला माठ दिसला तरी तोंड फिरवायची. फुला एक दिवस गेली अन् हाताला धरून तिला आमच्या आवारात घेऊन आली. तिच्या हातात खरारा दिला अन् स्वतः बाजूला उभी राहिली. कितीतरी दिवस रेखा नुसती येऊन घोडी घासायची अन् जायची. मी माझी कामं करत राहायचो, फुलानं मला तिकडं फिरकायला मनाई केली होती. मग एका दुपारी मागच्या आवारातून बायकी रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, हंबरडाच. मी धावलो तर फुलानं दारातच हात आडवा केला. आवारात रेखा घोडीच्या गळ्यात पडून बोलत होती, एकसारखं, थांबतच नव्हती. घोडी मान खाली घालून उभी… मला वाटलं, मुक्या जनावराला सगळं समजतं म्हणतात ते खरं आहे. आता ती रेखा बाजारात मासोळी विकते, भाव करणाऱ्याला अशी सुनावते की गिऱ्हाईक निमूट पैसे टाकतं.

असे दिवस गेले. चांगले गेले. मग या धानकापणीनंतर फुलाच्या छातीत दुखायला लागलं, अन् पुढचं सांगून झालंच आहे. तिचा जलदानविधी झाला, माणसं पांगली. प्रशांत म्हणाला, बाबा, पुण्याला चला, घोडी कोणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, बघू. तो गेला. त्यानंतर या घराला जो सुन्नपणा आला आहे तो काय सांगू? क्लॅरनेट फुंकावं तर आवाज भिंतीवर आपटून परत माझ्याच अंगावर येतो. भात माझ्यापुरता शिजवतो अन् तरी उरतो. कोणाशी भांडायचं, कोणावर ओरडायचं? दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही, अन् निघालाच तर घोडीला हाक मारताना, अन् ती तर बहिरी.

एका सकाळी डोकं ठिकाणावर नव्हतं. तणसाचा भारा घेऊन मी मागच्या दारानं घोडीकडं गेलो. एरवी मी नेहमी बाहेरून वळसा घालून, तिच्या तोंडासमोरून जातो. बहिरी आहे कळल्यापासून तेवढी अक्कल आली होती. मागचं दार तिच्या पाठीमागं उघडतं, ते फुलाचं दार. मी चांदणी चांदणी करत मूर्खासारखा जवळ गेलो, तिच्या पुठ्ठ्याला हात लावला, अन् अशी लाथ बसली की भाऱ्यासकट आडवा. मांडी काळीनिळी. पडल्या पडल्या मला राग आला, मग रडू आलं, अन् मग एक विचार आला. फुला रोज याच दारानं जायची. इतकी वर्षं. तिला एकदाही लाथ कशी बसली नाही?

रेखा मासोळी घेऊन आली तेव्हा मी लंगडतच दार उघडलं. काय झालं म्हणाली, मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"मास्तरभाऊ, पाय आपटून जा लागते नं! तिले ऐकू नाई येत, पण भुईचा धमका समजते. बाई रोज दारात पाय आपटत, घोडी मान वळवून पाहे, मंग जाये."

पाय आपटायची! तो आवाज मी रोज ऐकला होता, चपलेचा चिखल झटकते वाटायचं. म्हटलं, रेखा, घोडी बहिरी आहे हे फुलाला माहीत होतं?

तर रेखा उंबऱ्यावर बसली अन् तिनं मला सगळं सांगितलं. पहिल्याच दिवसापासून माहीत होतं म्हणे. दोर कापून फुला आत पळणारच होती, तेवढ्यात कोपऱ्यावर माझी घंटी वाजली. तिनं घोडीकडं पाहिलं, अन् घोडीचे कान हलले नाहीत. तेच कान ती पाहत होती. या जनावराच्या मागून काहीही आलं तरी याला कळणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं, अन् तिचा पाय तिथून निघेना. पुढं रेखाला आणलं तेव्हा फुलानं आधी हेच सांगितलं होतं, हिला ऐकू येत नाही, म्हणून हिला सांगता येतं, बोल काय बोलायचं ते. अन् रेखा बोलत नाही पाहून स्वतःचंच सांगितलं होतं, जे मला कधी सांगितलं नाही.

"बाई म्हणे, सुनंदा गेली त्या दिवशी पाहाची पाळी माही होती. फुलं लई पडले होते, म्हून मी बी वाकली. आता हिची पाळी मी सोडत नाई."

मी दुखरी मांडी धरून तिच्याशेजारी उंबऱ्यावरच बसलो. कोणी कोणाची राखण केली? मी पानठेल्यावर हात उडवून सांगत होतो घोडीचे कान, घोडीचे कान, अन् माझी बायको वाकता वाकता सरळ होत होती ती भीतीनं नव्हे, पाळीनं. घोडीनं तिला वाचवलं हे खरंच आहे, पण पहारा देऊन नाही. राखायला एक पाठ देऊन… शेवटी मी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं? रेखा जरा हसली. म्हणाली, तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्यांना घराबाहेर पडू दिलं नसतं. पळसामागं तुम्ही असता, हेही त्यांना माहीत होतं. तिकडं पाहून हसायच्या अन् म्हणायच्या, मास्तर चांगले लपते, फक्त पोट बाहीर राहते.

नसतंच पडू दिलं, तिचं खरं होतं. मी तिच्यासाठी लपवलं, तिनं माझ्यासाठी लपवलं, अन् एका अंगणात इतकी वर्षं एकमेकांना सांभाळत राहिलो. एकदा तरी बोललो असतो तर किती हसलो असतो दोघं! आता ते हसणं कोणासोबत हसू?

घोडी विकणार नाही, हे प्रशांतला कळवलं आहे. रोज मागच्या दारात जातो, पाय आपटतो. घोडी मान वळवते, माझ्यामागं आणखी कोणी आहे का ते पाहते, अन् पुन्हा तणसाकडं वळते. मग मी तिच्या मागं उभा राहून जंगलाकडं पाहत राहतो, तिचं खाऊन होईपर्यंत. सवय अशी अंगात भिनली की काल बाजारातून आलो, कुलूप काढलं, अन् घरात शिरतानाही माझा पाय आपोआप आपटला. तसाच उंबऱ्यावर उभा राहिलो थोडा वेळ. आत दचकायला कोणी नव्हतं.